गर्भांतला उपास

ज्या मुलास आईच्या पोटांत असतांना अन्न कमी पडलें तें पुढें हडकुळें होईल, असें कोणीहि सांगेल. परंतु तेंच मूल पुढें लठ्ठ होण्याचा संभव अधिक, असें कोणीं म्हटलें तर आपण त्याच्या तोंडाकडे पाहत राहूं. माझें तसेंच झालें. मी इतिहास शिकविणारा मनुष्य; वैद्यकाशीं माझा संबंध घरांतील औषधांच्या बाटल्यांपुरता. पण दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षाविषयीं वर्गांत बोलावयाचें म्हणून हॉलंडचा वृत्तांत चाळीत होतों, तेव्हां एका दुष्काळाचा माग काढतां काढतां मी भलत्याच ठिकाणीं जाऊन पोंचलों, आणि तेथून परत फिरलों तो पुण्याजवळच्या खेड्यांत. ती वाट वाचकांस दाखवावी एवढाच या लेखाचा हेतु आहे.

१७ सप्टेंबर १९४४ रोजीं दोस्त राष्ट्रांच्या छत्रीधारी फौजा हॉलंडांतील पुलांच्या आसपास उतरल्या. ऱ्हाईन नदी ओलांडावी आणि युद्ध लवकर संपवावें असा बेत होता. त्यास हातभार म्हणून लंडनमध्यें आश्रयास असलेल्या डच सरकारनें आकाशवाणीवरून आगगाड्या बंद पाडण्याचा आदेश दिला, आणि तीस हजारांच्या आसपास रेल्वेकामगारांनीं काम टाकलें. आर्न्हेमचा पूल मात्र हातीं लागला नाहीं, बेत फसला. मग जर्मन अंमलदारांनीं सूड म्हणून शेतीच्या मुलुखांतून पश्चिमेकडील शहरांस जाणारें धान्य अडविलें. नोव्हेंबरांत जलमार्गापुरती ही बंदी सैल झाली खरी, पण तोंवर कडक हिंवाळा सुरू झाला आणि कालवे गोठले. ज्या देशाचा सारा व्यवहार पाण्यावरून चालावयाचा त्या देशांत पाण्याचाच दगड झाला.

१९४३ च्या अखेरीस माणशीं दररोज सुमारें १८०० कॅलरींचें अन्न शिधापत्रिकेवर मिळत असे. १९४४ च्या नोव्हेंबरअखेर ॲम्स्टरडॅमांत तें हजाराच्या खालीं आलें, आणि फेब्रुवारी संपतांना सहाशेंच्याहि खालीं गेलें. लोकांनीं साखरेचें बीट उकडून खाल्लें. ट्यूलिपचे कांदे खाल्ले. ट्रामच्या रुळांमधील लांकडी ठोकळे उपटून चुली पेटविल्या. शहरांतील बायका टायर नसलेल्या सायकली दामटीत खेड्यांवर जात, आणि घरांतील चादरी, टेबलावरील वस्त्रें, लग्नांतील चांदी देऊन पिशवीभर बटाटे आणीत. सुमारें वीस हजार माणसें या हिंवाळ्यांत दगावलीं असा अंदाज आहे. अखेर २९ एप्रिल १९४५ पासून ब्रिटिश व नंतर अमेरिकन विमानांनीं बाँबऐवजीं अन्नाच्या गोण्या टाकल्या. ५ मे रोजीं देश मुक्त झाला. आणि जूनमध्यें शिधा दोन हजार कॅलरींच्या वर गेला.

येथें इतिहासाच्या अभ्यासकानें क्षणभर थांबलें पाहिजे. आपल्याकडील दुष्काळांस तारीख नसते. पाऊस येत नाहीं तेव्हां दुष्काळ सुरू होतो, आणि तो संपला केव्हां हें कोणासच नक्की सांगतां येत नाहीं. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानें दक्षिण ओसाड केलें, १९४३ त बंगालमध्यें वीस ते तीस लाख माणसें मेलीं असें अंदाज सांगतात; पण त्या वर्षांत कोणत्या आईच्या पोटीं किती वजनाचें मूल जन्मलें, हें लिहून ठेवावयास कोण बसलें होतें? हॉलंडांतील दुष्काळ बंदीच्या हुकुमानें सुरू झाला आणि शत्रूच्या शरणागतीनें संपला. शिवाय तो अशा देशांत पडला कीं जेथें जन्मलेल्या मुलाचें वजन रुग्णालयाच्या वहींत उतरत असे, आणि प्रत्येक तरुणास वयांत आल्यावर लष्करभरतीच्या तपासणीस उभें राहावें लागत असे. मेलेल्यांची संख्या बंगालमध्यें कितीतरी अधिक. विद्येच्या पदरीं मात्र अधिक पडलें तें हॉलंडमधून. वही नसली कीं दुःखहि मुकें होतें.

मुक्ततेनंतर लागलीच हार्वर्ड विद्यापीठाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेंट स्मिथ हॉलंडमध्यें गेले. रॉटरडॅम व हेग येथील नोंदी पाहून त्यांनीं १९४७ त लिहिलें कीं, गरोदरपणाचे शेवटचे महिने ज्यांचे दुष्काळांत गेले त्या मातांच्या मुलांचें वजन सुमारें पाव किलोनें घटलें होतें. अन्न आलें तशीं वजनेंहि पूर्ववत् झालीं. त्या काळच्या समजुतीप्रमाणें प्रकरण तेथेंच मिटावयाचें होतें.

तें पुन्हां उघडलें झीना स्टाइन आणि मर्व्हिन सुसर या दांपत्यानें. दोघेहि दक्षिण आफ्रिकेचे. तेथील वर्णद्वेषी राजवटीशीं न पटल्यामुळें देश सोडून आलेले. त्यांचा मूळ प्रश्न बुद्धीविषयीं होता: गर्भांत उपास घडलेल्या मुलाची बुद्धि मंद होते काय? लष्करभरतीच्या नोंदी तपासून १९७५ त त्यांनीं उत्तर दिलें कीं, एकोणिसाव्या वर्षीं तरी तसा कांहीं परिणाम दिसत नाहीं. पण त्याच नोंदींत तरुणांचीं उंची-वजनेंहि होतीं. जी. पी. रावेली यांच्यासह त्यांनीं १९७६ त सुमारें तीन लाख तरुणांच्या वजनांचा हिशेब मांडला, आणि त्यांतून कोणाच्या ध्यानीं-मनीं नव्हतें असें कांहींसें निघालें. ज्यांच्या गर्भवासाचा पूर्वार्ध उपासमारींत गेला होता त्यांच्यांत लठ्ठ तरुणांचें प्रमाण स्पष्टपणें अधिक होतें. ज्यांचे अखेरचे तीन महिने आणि जन्मानंतरचे पहिले महिने उपासमारींत गेले त्यांच्यांत उलट तें कमी होतें.

या दोन वाक्यांत एक पेंच आहे, तो घाईनें वाचणारास दिसत नाहीं. पूर्वार्धांत उपास घडलेलीं मुलें जन्मतांना लहान नव्हतीं. उरलेल्या महिन्यांत आईस अन्न मिळालें व त्यांनीं वजन भरून काढलें. लहान जन्मलीं तीं उत्तरार्धांत उपाशी राहिलेलीं, आणि लठ्ठपणा तर त्यांच्यांत कमी! म्हणजे तराजूवरील जन्मवजन हें पोटांतल्या हकीकतीचें अपुरें टिपण आहे. गर्भाचा कोणता अवयव कोणत्या आठवड्यांत घडत होता आणि त्या आठवड्यांत काय कमी पडलें, यावर सारें अवलंबून. लेखकांचा तर्क असा कीं, भूक आंवरणारें मेंदूंतील केंद्र आरंभीं घडतें, तें उपाशी काळांत घडल्यास त्याचें माप चुकतें. आणि चरबीच्या पेशी शेवटीं वाढतात, त्या वेळीं अन्न नसल्यास त्या कमीच राहतात. पुढें पन्नाशीच्या सुमारास ॲम्स्टरडॅमच्या याच पिढीची पुन्हां तपासणी झाली, तेव्हां पूर्वार्धांत उपास घडलेल्या स्त्रिया स्थूल आढळल्या. पुरुषांत तसा फरक आढळला नाहीं. असें कां, याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे आणि मला त्यांतलें कोणतेंहि पूर्ण पटलेलें नाहीं. २००८ त आणखी एक गोष्ट उजेडांत आली. दुष्काळांत गर्भ राहिलेल्या माणसांच्या रक्तांत, वाढीशीं संबंध असलेल्या एका जनुकावरील रासायनिक खुणा त्यांच्याच सख्ख्या भावंडांपेक्षां कमी होत्या, आणि तेंहि साठ वर्षांनंतर! जनुकाचीं अक्षरें तींच. त्यांवरील कानामात्रा मात्र त्या हिंवाळ्यानें बदलल्या होत्या.

दुसरी वही इंग्लंडांतील. बोअर युद्धाच्या वेळीं भरतीस आलेले कितीएक तरुण निकामी ठरले, त्यामुळें तेथील राज्यकर्ते हादरले. त्या चिंतेच्या काळांत, १९११ त, हर्टफर्डशायर परगण्यांत एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाईंनीं सुइणी व परिचारिकांकरवीं प्रत्येक मुलाचें जन्मवजन व वर्षाअखेरचें वजन लिहून ठेवण्याची शिस्त घातली. या वह्या १९४८ पर्यंत चालू राहिल्या. पुढें साउथॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर यांस त्या मिळाल्या, आणि १९११ ते १९३० या काळांत जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा त्यांनीं छडा लावला. वर्षाचें झालें तेव्हां ज्यांचें वजन सर्वांत कमी, त्यांच्यांतच हृदयविकारानें मरणारे सर्वांत अधिक. हेल्स यांच्यासह बार्कर यांनीं पुढें कल्पना मांडली कीं, अन्न कमी असतां गर्भ काटकसरी गृहस्थाप्रमाणें वागतो: मेंदूचें रक्त कमी करीत नाहीं, पण यकृत, स्वादुपिंड, स्नायू यांच्या वांट्यास कात्री लावतो. बाहेरहि असाच दुष्काळ असणार असें जणूं धरून तो देहाची घडण करतो. बाहेर येऊन पाहतो तों ताट भरलेलें! स्नायू थोडे, त्यामुळें साखर जाळण्यास जागा थोडी; उरलेलें अन्न चरबी होऊन सांठतें.

या कल्पनेची परीक्षा पाहावयास इतिहासानें एक दुसरा दुष्काळ ठेविला आहे. १९४१ च्या सप्टेंबरपासून १९४४ च्या जानेवारीपर्यंत लेनिनग्राडला वेढा होता. पहिल्या हिंवाळ्यांत तर कित्येकांचा दिवसाचा शिधा १२५ ग्रॅम पाव एवढाच. त्या वेढ्यांत गर्भांत असलेल्या माणसांची तपासणी १९९७ त प्रसिद्ध झाली, तींत साखरेच्या पचनाचा दोष इतरांहून अधिक आढळला नाहीं. कां? एक संभाव्य उत्तर असें कीं, लेनिनग्राडांत वेढा उठला तरी सुबत्ता आली नाहीं. हॉलंडच्या मुलास दोन महिन्यांत भरलें ताट मिळालें. लेनिनग्राडच्या मुलाचा अंदाज बरींच वर्षें खरा ठरला. दोष एकट्या उपासाचा नाहीं. उपास आणि त्यामागून येणारी सुबत्ता यांच्या जोडीचा आहे. आणि ही जोडी गेल्या तीन पिढ्यांत जगांत कोठें सर्वांत अधिक जमली असेल, तर ती आपल्या देशांत.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ त पुण्याजवळच्या सहा खेड्यांत जें काम आरंभिलें, त्याची कीर्ति परदेशांत मोठी आहे. येथील सुशिक्षितांस त्याची फारशी वार्ता नाहीं, ही नेहमींचीच गोष्ट. त्यांनीं लग्न झालेल्या स्त्रियांच्या नोंदी गर्भ राहण्यापूर्वींपासून ठेविल्या. त्या स्त्रियांची सरासरी उंची पांच फूट, वजन ४२ किलो. त्यांच्या मुलांचें जन्मवजन सरासरी २.७ किलो, त्याच पद्धतीनें मोजलेल्या साउथॅम्प्टनच्या मुलांचें ३.५ किलो. येथवर आश्चर्य नाहीं. पण त्वचेची घडी चिमटीत धरून चरबी मोजतात, ती मोजली तेव्हां दिसलें कीं, पुण्याचें मूल स्नायूंनीं बारीक, पोटांतील अवयवांनीं बारीक, पण पाठीवरील चरबी मात्र त्यानें जवळजवळ राखलेली. दिसावयास किडकिडीत, आंतून चरबीचें. २००३ त हें प्रसिद्ध झालें. पुढच्याच वर्षीं एका वैद्यकीय नियतकालिकांत डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज स्नेही डॉ. जॉन युडकिन यांचें शेजारीं शेजारीं काढलेलें छायाचित्र आलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. पण युडकिन यांच्या देहांत चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या देहांत २१.२! शास्त्रज्ञानें स्वतःच्याच देहाचा दाखला द्यावा, यांत एक निरोगी विनोद आहे.

त्या खेड्यांतील अभ्यासांत मला सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट अशी कीं, आईनें एकंदर किती कॅलरी खाल्ल्या याचा मुलाच्या आकाराशीं फारसा संबंध लागला नाहीं. पालेभाज्या, फळें व दूध तिच्या वांट्यास किती वेळां आलें याचा लागला. शेतांतील व घरांतील कष्ट ज्यांस अधिक, त्यांचीं मुलेंहि अधिक लहान. बहुतेक मातांच्या रक्तांत ब-१२ हें जीवनसत्त्व कमी होतें. त्याच मुलांची सहाव्या वर्षीं तपासणी झाली, तेव्हां ज्या मातांच्या रक्तांत फोलेट अधिक त्यांच्या मुलांच्या अंगीं चरबी अधिक आढळली. आणि फोलेट अधिक पण ब-१२ कमी, अशा मातांच्या मुलांत इन्शुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ति सर्वांत अधिक. चांगलें म्हणून दिलेलें औषधहि जोडीदारावांचून चांगलें ठरत नाहीं, हें यावरून दिसतें.

आतां घरांतील गोष्ट सांगतों. आमच्या कुटुंबांत कांहीं वर्षांपूर्वीं एक मुलगी अडीच किलोहून कमी वजनाची जन्मली. तिच्या आजीनें तिला ‘बाळसें धरवावयाचें’ म्हणून जो चंग बांधला तो मीं डोळ्यांनीं पाहिला आहे: दर तासाला वाटी-चमचा, साजूक तूप, गूळ, पुढें बिस्किटें. दीड वर्षांत मुलगी गुबगुबीत झाली आणि शेजारणींनीं आजीची वाहवा केली, मीहि केली. ‘बाळसें’ या शब्दांत आपल्या समाजाचें सारें बालसंगोपनशास्त्र सांठलेलें आहे. जेथें दर पांच मुलांत एखादें वर्षाच्या आंत जात असे, तेथें अंगावरचें मांस हीच आईची एकमेव ठेव होती. आजीला दोष कसा देणार? पण २००० सालीं ब्रिस्टलच्या बाजूच्या मुलांविषयीं जें प्रसिद्ध झालें तें वाचून माझी वाहवा मला आंवरून घ्यावीशी वाटली. जन्मतांना लहान असून पहिल्या दोन वर्षांत झपाट्यानें वजन गांठणारीं मुलें पांचव्या वर्षीं इतरांहून लठ्ठ होतीं, आणि त्यांची चरबी विशेषतः पोटाभोंवतीं सांठलेली होती. पुण्यांतील आठ वर्षांच्या मुलांतहि हेंच आढळलें होतें: जन्मतांना सर्वांत हलकीं आणि आठव्या वर्षीं सर्वांत भारी, तींच इन्शुलिनच्या दृष्टीनें सर्वांत वाईट स्थितींत. दिल्लींत १९६९ ते १९७२ या काळांत जन्मलेल्यांचा अभ्यास आणखी सावध करतो. पुढें मधुमेहाच्या वाटेला लागलेलीं तीं माणसें दोन वर्षांचीं असतांना बारीक होतीं आणि त्यानंतर भराभर भरत गेलीं. परंतु लहानपणीं लठ्ठ म्हणावीं अशीं तीं बहुधा नव्हतींच. म्हणजे डोळ्यांस दिसणाऱ्या लठ्ठपणाची वाट पाहत बसलों तर वेळ निघून जाते.

यावरून मुलास उपाशी ठेवावें असा अर्थ कोणीं काढूं नये. लहान जन्मलेल्या मुलास वाढीची गरज असतेच, आणि गरीब घरांत तर वाढ न झाल्यामुळें मरणारींच अधिक. आणखीहि एक सांगितलें पाहिजे. लठ्ठ मुलें लहान जन्मलेल्यांतूनच येतात असें नाहीं. भारी जन्मलेलींहि पुष्कळदां लठ्ठ होतात. अमेरिकेंतील ॲरिझोनाच्या पिमा जमातींत गरोदरपणीं मधुमेह असलेल्या मातांचीं मुलें विलक्षण लठ्ठ होतात, असें १९८३ त दाखविलें गेलें. दोन्ही टोकें परस्परांस मिळतात तीं अशीं: आज बारीक जन्मलेली मुलगी भरल्या ताटावर वाढते, तरुणपणीं तिच्या गरोदरपणांत साखर वाढते, आणि तिचें मूल भारी जन्मतें. एका पिढीचा उपास दुसऱ्या पिढींत मेजवानीचें रूप घेऊन येतो.

आपल्या घरांत सातव्या महिन्यांत डोहाळजेवण होतें. फुलांची वाडी भरतात, धनुष्यबाण हातीं देतात, गाणीं म्हणतात, पांच पक्वान्नें वाढतात. माझ्या लहानपणीं हा सोहळा मीं अनेकदां पाहिला आहे. आणि दुसऱ्या दिवसापासून तीच गर्भवती पुरुष, मुलें, सासू यांचीं पानें उठल्यावर, भाजीच्या तळाशीं जें राहिलें असेल तें घेऊन बसे, हेंहि पाहिलें आहे. ‘फार खाशील तर मूल मोठें होऊन बाळंतपण जड जाईल,’ हा सल्ला वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडून मीं स्वतः ऐकला आहे. आणि ज्या काळीं अडलेली बाई तालुक्याच्या गांवीं पोंचण्याआधींच दगावत असे, त्या काळीं तो अगदींच वेडेपणाचा नव्हता. हॉलंडच्या मातांवर बंदी जर्मन हुकुमाची होती. आमच्या मातांवर कोणाची होती, हा प्रश्न मी शास्त्रज्ञांस विचारूं शकत नाहीं. तो माझ्याच विषयांतला आहे. या साऱ्या संशोधनाचें ओंझें पुन्हां आईच्याच डोक्यावर टाकण्याची घाई अलीकडे दिसते, म्हणून हें लिहिलें. ४२ किलोची स्त्री गरोदर राहते तेव्हां तिच्या वजनाचा इतिहास वीस वर्षांचा झालेला असतो, आणि तो तिनें एकटीनें घडविलेला नसतो.

पुण्याजवळच्या त्या सहा खेड्यांतील मुलें आतां तिशीच्या घरांत आहेत. २०१२ पासून त्यांतील तरुण मुलामुलींस, त्यांचें लग्न व मुलेंबाळें होण्यापूर्वींच, ब-१२ व इतर सूक्ष्म पोषकें देऊन पाहण्याचा प्रयोग सुरू झाला. मुलांसहि दिलीं, केवळ मुलींस नव्हे, हें मला विशेष आवडलें. ज्यांचीं वजनें १९९४ च्या पुढें वहींत लिहिलीं गेलीं, त्यांच्याच पोटीं आलेल्या मुलांचीं वजनें आतां त्याच वहीच्या पुढच्या पानांवर उतरत आहेत.